बंद खोलीतलं पाणी

१

त्या उन्हाळ्यात भाटेवाडीत पाणी सांडणाऱ्या माणसाकडं लोक चोराकडं बघावं तसं बघायचे. टँकर कधी दिवसाआड यायचा, कधी दोन दिवस तोंड दाखवायचा नाही. भांडी घासलेलं पाणीसुद्धा बायका जपून लिंबाच्या बुडाला टाकायच्या. अशा गावात सोमवारी सकाळी भारतनं तंत्रशिक्षण केंद्राचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला. खिडकीकडच्या रांगेतले सगळे संगणक भिजलेले होते. कीबोर्डांत पाणी साचलेलं होतं, टेबलांखालची फरशी ओली होती आणि एका संगणकाच्या डब्याच्या कडेनं अजून थेंब गळत होते.

ही बातमी बीडला रतन शिरसाटला कळली ती वच्छलाबाईंच्या फोनवरून. वच्छलाबाई म्हणजे ग्रामयुवा संघाच्या भाटेवाडी शाखेच्या अध्यक्षा. शेतात राबणारी बाई, पण गावातल्या पोरापोरींना संगणक, वायरिंग, मोबाइल दुरुस्ती शिकायला मिळावी म्हणून त्यांनी दोन वर्षं संघाचे उंबरठे झिजवले होते. फोनवर त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की रतनला पहिल्यांदा कुणीतरी वारलंय असंच वाटलं.

संघाच्या शाखा जिल्ह्यात गावोगाव होत्या आणि त्यांच्या केंद्रांना पुण्याची एक देणगीदार संस्था अनुदान द्यायची. रतन संघाची शाखा तपासनीस होती. कुठल्या शाखेचं अनुदान चालू ठेवायचं, याची शिफारस तिच्या हातात असायची. यंदा पैसे आटले होते. एकाच शाखेचं केंद्र चालू राहणार होतं, भाटेवाडीचं नाहीतर धर्मापुरीचं. रतननं बैठकीत भांडून भाटेवाडीचं नाव पुढं केलं होतं, आणि शेवटचा निर्णय मंगळवारी व्हायचा होता.

तिनं घाबरतच पुण्याला कळवलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संस्थेचा नियम सांगितला. जिथं गावच्या भांडणात केंद्राची नासधूस होते, तिथं एक रुपयाही द्यायचा नाही. संध्याकाळपर्यंत काय ते कळवा, म्हणाले.

रतननं मिळेल ती बस पकडली. वाटेत वच्छलाबाईंचा पुन्हा फोन आला. दाराचं कुलूप धड होतं. खोलीला एकच खिडकी, तीही आतून कडी लावून बंद होती. कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या, आणि त्यातली एक भारतकडं होती.

"लोक त्याचंच नाव घ्यायलेत, बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "सुंदररावांनी त्याला दूध संस्थेच्या खोलीत बसवून ठेवलंय."

२

तलवाड्याला उतरून रतन काळीपिवळी जीपनं भाटेवाडीला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. केंद्र गावाच्या कडेला होतं. मूळची ती दूध संस्थेची पेंड ठेवायची खोली, पुढं संस्थेनं ती केंद्राला वापरायला दिली होती. दार रस्त्याकडं. खिडकी मागच्या बाजूला, आणि मागं लगेच चारा छावणी. दुष्काळात चाऱ्याविना राहिलेल्या जनावरांसाठी ताडपत्र्या ताणून केलेली ती वस्ती होती. गाई, बैल, वासरं, आणि त्यांच्याजवळच मुक्काम ठोकून राहिलेली माणसं.

दारात सुंदरराव उभे होते. दूध संस्थेचे चेअरमन तेच आणि छावणी चालवणारेही तेच. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी रतनला नमस्कार केला, पण चेहरा आंबलेलाच होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गेल्याच आठवड्यात भारतनं चारचौघांत त्यांच्याशी वाद घातला होता. मानधन वेळेवर मिळत नाही, वीज गेली की संगणक बंद पडतात, असंच चाललं तर मी औरंगाबादच्या कंपनीत निघून जाईन, असं तो म्हणाला होता. किल्ली त्याच्याकडं. रविवारी सगळं गाव तलवाड्याच्या बाजारात असताना हा एकटा घरी झोपलेला. आणखी काय पाहिजे?

"दुसरी किल्ली कुणाकडं असते?" रतननं विचारलं.

दुसरी राधाकिशनकडं. राधाकिशन हा दूध संस्थेचा सचिव. सुंदररावांच्याच जीपमधून तो सकाळी बाजाराला गेला होता आणि दिवस मावळताना त्यांच्याच बरोबर परतला होता. त्याच्याबद्दल बोलायलाच नको, असं सुंदररावांनी हातानंच दाखवलं.

त्यांचं डोकं आधीच दुसऱ्या एका गोष्टीनं फिरलं होतं. रविवारी कुणीतरी छावणीतला जनावरांचा हौद रिकामा केला होता. संध्याकाळी बाजारातून येऊन बघतात तर तळाला शेवाळ तेवढं उरलेलं आणि जनावरं हंबरतायत. हौदातलं पाणी घरी नेणाऱ्या एका बाईला त्यांनी मागं जनावरांसकट छावणीबाहेर काढलं होतं. आताही चोर सापडला की तेच करणार होते.

"या गावाला आजकाल भ्याच राह्यलं न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी घड्याळाकडं बघून सांगितलं, की चौकीला फोन केलाय, संध्याकाळी पोलीस येऊन भारतला घेऊन जातील.

पोलिसांत गेलं म्हणजे गावचं भांडण कागदावर चढलं, आणि ते पुण्याला पोचायला रात्र लागली नसती. रतननं सुंदररावांना तोवर थांबायची विनंती केली आणि खोलीत एकटीच आत गेली.

३

आत फिनेलचा वास होता. त्याच्या खाली आणखी कसला तरी वास होता, पण तो तिला ओळखता येईना.

दोन रांगा होत्या. दाराकडची रांग कोरडी ठणठणीत. खिडकीकडची टेबलं भिंतीला लावलेली, त्यामुळं तिथल्या मॉनिटरांच्या पाठी खिडकीकडं आणि तोंडं खोलीकडं. रतननं खाली वाकून एकेक यंत्र निरखलं. समोरच्या काचांवर धूळ तशीच होती, एक ओघळसुद्धा नाही. पाठीमागं मात्र ओघळ सुकून पांढरे पट्टे पडले होते, आणि पाणी वरून टेबलावर येऊन कीबोर्डांत शिरलं होतं.

ती तशीच उभी राहिली. खोलीत शिरलेल्या माणसानं घागर उपडी केली असती तर काचा भिजल्या असत्या. पाणी पाठीवर पडलं, म्हणजे ते खिडकीतून आलं होतं. पण खिडकी तर आतून बंद सापडली होती.

तिनं कडी काढून फळ्या उघडल्या. लोखंडी गजांतून समोर छावणी दिसली, अगदी हाकेच्या अंतरावर. खालच्या चौकटीच्या सांदीत कसला तरी चुरा अडकला होता. चिमटीत धरून पाहिला, तर जनावरांना घालतात त्या उसाच्या वाढ्याचे तुकडे, आणि त्यांना चिकटलेलं वाळकं हिरवं शेवाळ. तसलाच एक तुकडा तिला कीबोर्डाच्या बटणांतही सापडला. हे पिण्याचं पाणी नव्हतं. जनावरांनी तोंड घातलेलं हौदाचं पाणी होतं.

खिडकीवर आडवी दोरी ताणलेली होती, पण तिला पडदा नव्हता. कोपऱ्यात इन्व्हर्टर, त्याच्या खाली मोठी बॅटरी. वायरींना नवी कोरी चिकटपट्टी गुंडाळलेली. बॅटरीच्या कडेनं मुंग्यांची रांग चढत होती. रतननं ती बघितली आणि सोडून दिली, तिचं लक्ष वर गेलं होतं. इन्व्हर्टरच्या वर भिंतीवर संगणकाच्या भागांचा तक्ता लावला होता, पण तिरका. भिंतीवरचे बाकीचे तक्ते पोरांनी ओळंबा धरून लावावेत तसे सरळ होते.

तिनं तक्त्याचं खालचं टोक उचललं. मागची भिंत काळी झाली होती. मघाचा दुसरा वास कसला होता ते तिला तेव्हा कळलं. तो जळाल्याचा वास होता.

४

दूध संस्थेच्या खोलीत भारत भिंतीला टेकून बसला होता. तिशीच्या आतला, गावातलाच, बीडच्या तंत्रनिकेतनात शिकून परत आलेला. त्याला सकाळपासून पाण्याचा घोटही कुणी दिला नव्हता, आणि त्यानं मागितलाही नव्हता. रतननं त्याला खिडकीच्या पडद्याबद्दल विचारलं.

होता की, तो म्हणाला, शनिवारपर्यंत होता. पोरींनी जुन्या लुगड्याचा शिवला होता. उकाड्यामुळं खिडकी रात्रंदिवस उघडीच ठेवलेली असायची. सकाळी त्याला खोली नीट बघताच आली नव्हती. त्यानं आरडाओरडा केला तशी माणसं जमली आणि सुंदररावांनी त्याला दारातूनच मागं ओढलं. बॅटरीबद्दल विचारल्यावर तो कडवट हसला. नवी बॅटरी बसवली तेव्हा वीज गेली तरी तास दोन तास वर्ग चालायचा. महिनाभरापासून मात्र वीज गेली की पाच मिनिटांत अंधार. त्यानं संघाला कळवलं होतं. दुकानदाराकडं बघा, असं उत्तर आलं होतं.

"मॅडम, मला एक सांगा," तो म्हणाला. "माझं नाव गेलं तर गेलं. पण वर्ग बंद होणार का?"

ते उद्या ठरायचंय, रतन म्हणाली. ती उठून वच्छलाबाईंच्या घरी गेली. त्यांनी चहा टाकला, आणि दूध पातेल्यात ओतताना आपलं आपणच पुटपुटल्या. आज सकाळी संस्थेत दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद होतं. सगळ्यांचं दूध नुसतं डोळ्यांनी बघून घेतलं, आणि म्हशीच्या घट्ट दुधालाही गाईचा भाव लावला. बायकांनी तिथंच तोंड वाजवलं, पण दुधाची गाडी काय थांबते होय.

वीज नव्हती का, रतननं सहज विचारलं. वच्छलाबाई म्हणाल्या, सकाळची वीज तर रोजच नसते. पूर्वी मशीन असंच बंद पडायचं. गेल्या महिनाभरात मात्र वीज नसली तरी मशीन चालायचं. राधाकिशननं काहीतरी सोय केली होती. आजच कशी बंद पडली कुणास ठाऊक.

रतननं कप खाली ठेवला. मुंग्या बॅटरीवर कशाला चढतात, हे तिच्या आता ध्यानात आलं. ती तडक केंद्रात परतली, गुडघ्यावर बसली आणि मुंग्यांच्या वाटेवर बोट फिरवलं. बॅटरीच्या अंगावर पिवळट, चिकट थेंब वाळलेले होते. वास घेतला. आंबलेलं दूध.

ती मागं वळली तर दारात राधाकिशन उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, स्वच्छ पांढरा सदरा. तो कधीपासून तिथं होता कळायला मार्ग नव्हता. मॅडमला काही हवं नको बघायला आलो, म्हणाला. किल्ली रविवारी दिवसभर संस्थेत खुंटीलाच होती, केंद्रात आपण शनिवारपासून पाऊलही टाकलेलं नाही, हेही त्यानं न विचारता सांगितलं. बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता. त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या तिरक्या तक्त्याकडं जात होती.

५

आता अर्धं कोडं सुटलं होतं, पण उरलेल्या अर्ध्याचीच रतनला भीती वाटत होती. आग लागली होती. ती कुणीतरी बाहेरून, खिडकीच्या गजांतून, हौदाचं पाणी मारून विझवली होती. म्हणजे हौद रिकामा करणारं माणूस आणि केंद्र वाचवणारं माणूस एकच. ते समोर आलं तर भारत सुटत होता. पण त्याची जनावरं छावणीतून बाहेर पडणार होती, आणि त्या उन्हाळ्यात छावणीबाहेर जनावर जगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

ती छावणीत गेली. खिडकीच्या सगळ्यात जवळची ताडपत्री कडूबाईची, असं एका म्हाताऱ्यानं दाखवलं. कडूबाई धनगर वस्तीवरची. तिचा नवरा म्हाळू मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला चाऱ्यामागं गेला होता, आणि ही गाय अन् बैलजोडी घेऊन छावणीत राहिली होती. रतन बसली तशी कडूबाईनं पोतं झटकून पुढं सारलं, ते डाव्या हातानं. उजवा हात पदराखालून बाहेर आला नाही. वैरण पुढं टाकली ती पण डाव्या हातानंच.

रतननं तिला आडून विचारलं, मग हौदाचं सरळ विचारलं. कडूबाईला काही ठाऊक नव्हतं. रविवारी ती झोपली होती, तिला धूर दिसला नव्हता, कुणी दिसलं नव्हतं. तिचा चेहरा लाकडासारखा झाला होता.

रतननं तिच्या पदराखालच्या हाताकडं बघितलं. बैल रवंथ करत होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कडूबाई, मी धुराचं काहीच बोलले नव्हते."

कडूबाईनं मान खाली घातली. मग ती बोलली.

"माझी पोर साखरा शिकती तिथं. खिडकीतून जाळ दिसला, दाराला कुलूप. हाका मारल्या, पर गावात, छावनीत कोनी असंल तर येईल ना. जळू देऊ व्हय?"

ती बादलीनं पाणी मारत राहिली होती, हौदाचा तळ लागेपर्यंत. तापलेल्या गजाला हात लागला तेव्हा कातडं निघालं. संध्याकाळी सुंदरराव हौदाशी उभे राहून ओरडायला लागले तशी तिची वाचाच बसली. सकाळी गाव भारतला धरतंय हे तिनं ऐकलं होतं. जावं आणि सांगावं असं तिला वाटलं होतं. पण बैलांकडं बघितलं की पाय उचलत नव्हता.

रतननं तिला शब्द दिला, की तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. शब्द दिला खरा, पण परत येताना तिला पुढचं दिसेना. नाव न घेता हे सगळं सुंदररावांच्या गळी कसं उतरवायचं? रस्त्यावर धुरळा उडाला होता. पोलिसांची गाडी संध्याकाळच्या आधीच आली होती.

६

रतननं गाडीतल्या हवालदाराला थोडा वेळ मागून घेतला आणि सगळ्यांना केंद्रातच बोलावलं. सुंदरराव खुर्चीवर बसले. भारत भिंतीशी, राधाकिशन दारात, वच्छलाबाई उंबऱ्यावर. बाहेर छावणीतली आणि गावातली माणसं जमली.

रतननं पहिल्यांदा त्यांना संगणकांच्या पाठी दाखवल्या, मग कोरड्या काचा. चौकटीतलं वाढं दाखवलं, शेवाळ दाखवलं. मग काही न बोलता भिंतीवरचा तक्ता काढून घेतला. काळी भिंत बघून वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला.

इथं कुणी नासधूस केलेली नाही, रतन म्हणाली, इथं रविवारी आग लागली होती. बाहेरच्या एका माणसानं ती उघड्या खिडकीतून विझवली. त्या माणसाकडं किल्ली नव्हती, म्हणून तर त्याला गजांतून पाणी मारावं लागलं. पण नंतर दुसरं कुणीतरी दार उघडून आत आलं. त्यानं जळका पडदा नेला, काजळी पुसली, जी पुसली जाईना तिच्यावर तक्ता लावला, फिनेल मारलं आणि खिडकी आतून लावून घेतली. आग झाकायची म्हणजे तिच्यामागचं काहीतरी झाकायचं होतं. म्हणून मग आज सकाळी नुसतं पाणी दिसलं, आणि नुसतं पाणी दिसलं म्हणून ते कुणीतरी मुद्दाम ओतल्यासारखं वाटलं.

"किल्ली दोघांकडंय," सुंदरराव म्हणाले. "भारतबी आलेला असू शकतो की."

"असू शकतो," रतन म्हणाली. "पण ही बॅटरी बघा."

तिनं मुंग्या दाखवल्या आणि थेंब दाखवले. ही केंद्राची नवी बॅटरी. पण हिच्यावर दूध कुठून सांडलं? महिनाभर ही इथं नव्हतीच. ती दूध संस्थेत फॅटच्या मशीनला लावलेली होती, म्हणून तिथं सकाळी वीज नसतानाही मशीन चालायचं. इथं तिच्या जागी संस्थेची जुनी, दिसायला तशीच पण खराब झालेली बॅटरी ठेवली होती, म्हणून भारतचा वर्ग पाच मिनिटांत अंधारात जायचा. रविवारी दुपारी वीज आली, जुनी बॅटरी चार्जिंगला लागून तापली, वायर पेटली आणि वायरीवरून पडदा. संध्याकाळी जळालेलं बघून ज्यानं अदलाबदल केली होती, त्यानं जळकी बॅटरी नेली आणि नवी परत आणून ठेवली. नवी इथं आली, म्हणून आज पहिल्यांदा संस्थेतलं मशीन बंद पडलं. संस्थेतली बॅटरी लावणं आणि काढणं भारतच्या हातात नाही. ते एकाच माणसाच्या हातात आहे.

कुणी दाराकडं बघितलं नाही. राधाकिशन स्वतःच दोन पावलं आत आला आणि खाली बसला. त्याचा पांढरा सदरा भिंतीला घासून काळा झाला, ते त्याला कळलं नाही.

"सुंदरराव, तुमाला किती डाव म्हनलो, मशीनला बॅटरी घ्या," तो म्हणाला. "दुष्काळात बायांच्या हातात दुधाचाच पैसा हाय. मशीन बंद पडलं की गाडीवाला लुटायचा. पोरांचं काय, घंटाभर अंधार झाला तर झाला, असं वाटलं मला. आग लागंल असं वाटलं न्हाई." मग तो भारतकडं वळला.

भारतनं त्याच्याकडं बघितलंही नाही. सुंदरराव खुर्चीत हलले. राधाकिशनचं बोलणं त्यांना लागलं होतं, आणि लागलेलं त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी विषय फिरवला. हे झालं ते झालं, म्हणाले, पण हौद कुणी उपसला, ते नाव मॅडमनी सांगावं. छावणीला नियम आहे.

रतननं सांगायला नकार दिला. सुंदररावांनी आवाज चढवला. हवालदारही म्हणाला की साक्षीदार कोण ते कळायला पाहिजे. रतनला वाटलं, झालं, जे हाताशी आलं होतं ते सगळं आता निसटणार.

गर्दी मागून हलली. कडूबाई पुढं आली. तिनं पदर बाजूला केला आणि उजवा हात सगळ्यांपुढं धरला. तळव्याचं कातडं गेलं होतं, त्यावर चिंधी गुंडाळली होती, आणि चिंधी ओली होती.

"म्या वतलं पानी," ती म्हणाली. "काढायची तर काढा जनावरं. त्या मास्तराला सोडा."

सुंदरराव त्या हाताकडं बघत राहिले. मग ते उठले आणि आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी काढ बे. हिला तलवाड्याला दवाखान्यात न्यायचंय." जनावरांबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्या दिवसानंतर छावणीत कुणीही तो विषय काढला नाही.

७

पुण्याला फोन करायचा राहिला होता. पोलिसांची गाडी रिकामी परत गेली होती. रतन केंद्राच्या पायरीवर मोबाइल हातात धरून बसली. शॉर्टसर्किट झालं, अपघात होता, एवढं सांगितलं तर सगळं भागत होतं. ते खोटंही नव्हतं. पण अनुदानाची बॅटरी महिनाभर दुसरीकडं वापरली गेली, हे त्यात येत नव्हतं, आणि ते आलं नाही तर भारतच्या पाठीमागं बोलायला गावाला जागा उरत होती. धर्मापुरीच्या पोरांचा विचारही तिच्या मनात येऊन गेला. त्यांची काहीच चूक नसताना ती पोरं हरणार होती.

तिनं सगळं सांगितलं. मग साहेब म्हणाले, लिहून पाठवा, बैठकीत काय होईल ते मी सांगू शकत नाही.

मंगळवार तिनं कसाबसा काढला. संध्याकाळी निरोप आला तो ना धड चांगला, ना धड वाईट. नवी यंत्रं आणि नवीन मुलांचं अनुदान धर्मापुरीला गेलं. भाटेवाडीचं केंद्र मात्र बंद करायचं नाही, कोरड्या रांगेवर वर्ग चालवायचा, शिक्षकाचं मानधन चालू राहील, आणि पहिला धडा विजेच्या सुरक्षेचा घ्यायचा. केंद्राच्या किल्ल्या यापुढं वच्छलाबाईंकडं. वच्छलाबाई ते ऐकून रडल्या, आणि मग म्हणाल्या की धर्मापुरीला आपल्या पोरी एकदा बघायला नेऊ.

सुंदररावांनी संस्थेसाठी बॅटरी आणली. राधाकिशन सचिव राहिला, पण तो केंद्राच्या रस्त्यानं जाईनासा झाला. एकदा भारतनंच त्याला हाक मारली, जुन्या बॅटरीतलं आम्ल कुठं ओतायचं ते विचारायला. दोघं त्याबद्दल जरा वेळ बोलले. दुसऱ्या कशाबद्दल बोलले नाहीत. भारत औरंगाबादला गेला नाही, निदान त्या उन्हाळ्यात तरी नाही.

पहिल्या धड्याला रतन मुद्दाम आली. पोरापोरींच्या मागं दूध घालणाऱ्या बायकाही येऊन बसल्या होत्या, आणि साखराच्या शेजारी कडूबाई, हाताला दवाखान्याची पट्टी. भारतनं समजावून सांगितलं, की विजेच्या आगीवर पाणी कधीही टाकायचं नाही. पाण्याच्या धारेतून वीज उलटी अंगात येते, आणि माणूस जागेवर मरतो. सगळ्यांनी मागं वळून कडूबाईकडं बघितलं.

कडूबाईनं रतनकडं बघितलं. "म्हंजी मी मेले असते?"

"हो," रतन म्हणाली. "वीज तोडणारा खटका आपोआप पडला म्हणून वाचलात."

कडूबाई थोडा वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं साखराला सांगितलं, की हे तुझ्या बापाच्या कानावर घालू नको. आणि भारतला विचारलं, की पानी न्हाई तर मग काय टाकायचं.

भारत म्हणाला, वाळू टाकायची, नाहीतर कोरडी माती.

"कोरडी माती?" कडूबाई म्हणाली. "ती लई हाय की आमच्याकडं."